इंग्लंडात हॉटेल, बार किंवा रात्रीचा धंदा टाकताय? आधी कौन्सिलच्या लायसन्सचं गणित समजून घ्या

कोजागरीचं मसाला दूध रात्री साडेअकराला, गरम, आणि कार्यक्रमाला तिकीट लावून दिलंत, तर इंग्लंडात त्याला लायसन्स लागू शकतं. दारूचा थेंब नाही, डीजे नाही, तरीही. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय पुरवणं याला इथला कायदा 'लेट नाइट रिफ्रेशमेंट' म्हणतो आणि त्याला दारूविक्रीच्या रांगेत बसवतो. दूध खरोखर फुकट दिलं तर सूट आहे. पण दाराशी तिकीट घेतलं असेल तर आतलं दूध 'फुकट' धरत नाहीत. नोंदणीकृत चॅरिटीने दिलं तर सूट. थंड दिलं तरी प्रश्न नाही, फक्त कोजागरीला थंड दूध कोण पिणार!

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्याकडून नव्याने आलेला माणूस 'लायसन्स' म्हटलं की दारूच डोळ्यांपुढे आणतो. महाराष्ट्रात दारूचं खातं राज्य उत्पादन शुल्क विभागाचं. परमिट रूमसाठी एफएल-3, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, कार्यक्रमांसाठी पोलिसांच्या वेगळ्या परवानग्या, आणि पिणाऱ्याकडेही परवाना हवा. इथे पिणाऱ्याला परवाना लागत नाही. विकणाऱ्याला लागतो, आणि तो देते तुमची स्थानिक कौन्सिल, म्हणजे कचरा उचलणारी आणि कौन्सिल टॅक्स घेणारी तीच. दारू, करमणूक आणि रात्रीचं गरम खाणं या तिन्हींचा अर्जही एकच.

कायद्याचं नाव लायसन्सिंग ॲक्ट 2003. तो 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी दारूची लायसन्सं मॅजिस्ट्रेट द्यायचे आणि पब साधारण रात्री 11 ला, रविवारी साडेदहाला घंटा वाजवून बंद व्हायचे. आता देशभर एकच अशी बंद व्हायची वेळ नाही. प्रत्येक जागेची वेळ तिच्या लायसन्सवर लिहिलेली असते. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. एडिनबरा किंवा ग्लासगोत धंदा टाकणार असाल तर तिथला 2005 चा कायदा वेगळा आहे, इथलं वाचून तिथे अर्ज करू नका.

आधी: तुमचा धंदा कुठल्या खणात बसतो?

लायसन्स लागणाऱ्या गोष्टी चार: दारूची किरकोळ विक्री, क्लबने सभासदांना दारू पुरवणं, करमणूक, आणि वर सांगितलेलं रात्रीचं गरम खाणंपिणं.

करमणुकीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरीच सवलत मिळाली आहे आणि आपल्या मंडळांना ती ठाऊक नसते. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळात, 500 पर्यंत प्रेक्षक असतील तर नाटकाला लायसन्स लागत नाही. नाचाच्या प्रयोगालाही नाही, म्हणजे लावणीचा कार्यक्रम बसतो. बिनमाइकचं गाणं कुठेही चालतं. ज्या जागेला तिथेच बसून पिण्यासाठी दारू विकायचं लायसन्स आहे, तिथे लाउडस्पीकरवरचं गाणं किंवा रेकॉर्ड केलेलं संगीतही याच वेळात आणि 500 च्या मर्यादेत चालतं. गोची होते ती 11 नंतर. आपल्या नाटकाचा तिसरा अंक लांबला आणि 11 वाजून गेले की सूट संपली.

संगीताचे हक्क हा मात्र वेगळा विषय. त्यासाठी पीपीएल पीआरएस या संगीत हक्कांच्या संस्थेचं 'द म्युझिक लायसन्स' घ्यावं लागतं. कौन्सिलच्या लायसन्सने ते भागत नाही, आणि उलटही नाही.

लीजवर सही करण्याआधी धोरणपत्र वाचा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मी गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज वाचून देतो. त्यातले निम्मे लोक माझ्याकडे लीजवर सही करून, डिपॉझिट भरून, किचनचं काम सुरू करून मग येतात. तेव्हा सांगण्यासारखं फार उरत नाही.

प्रत्येक कौन्सिलला लायसन्सिंगचं लेखी धोरण प्रसिद्ध करावं लागतं आणि निदान दर पाच वर्षांनी नव्याने ठरवावं लागतं. 'स्टेटमेंट ऑफ लायसन्सिंग पॉलिसी' या नावाने ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर सापडतं. शंभर पानांचं असलं तरी घाबरू नका. तुमचं त्यात तीनच ठिकाणी काम आहे.

पहिलं, वेळा. बऱ्याच कौन्सिल धंद्याच्या प्रकाराप्रमाणे 'कोअर अवर्स' ठरवतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या 2021 च्या धोरणात रेस्टॉरंटसाठी सोमवार ते गुरुवार सकाळी 9 ते रात्री 11.30, शुक्रवार-शनिवार मध्यरात्रीपर्यंत, रविवारी रात्री 10.30 पर्यंत असं दिलं होतं. या चौकटीतली वेळ मागितली तर अर्ज सरळ जातो. चौकटीबाहेर मागितली तर 'का?' याचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

दुसरं, 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट'. एखाद्या भागात इतके बार आणि टेकअवे झालेत की आणखी एकानेही उपद्रव वाढेल, असं कौन्सिलने पुराव्यानिशी ठरवलं, तर त्या भागात नव्या लायसन्सला गृहीतच नकार असतो. वेस्टमिन्स्टरचा वेस्ट एंड हे त्याचं ठळक उदाहरण. हॅकनी कौन्सिलने 2018 मध्ये शोरडिचचा असा पट्टा मोठा केला आणि नव्या जागांसाठी सोमवार ते गुरुवार रात्री 11, शुक्रवार-शनिवारी मध्यरात्र अशी चौकट आणली, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. अशा पट्ट्यात लायसन्स मिळतच नाही असं नाही. पण तुमच्या जागेमुळे त्रास वाढणार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. टेबलावर बसून जेवण, वेटरकडून सर्व्हिस, दारू फक्त जेवणासोबत, असं रेस्टॉरंट बारपेक्षा खूप सोपं जातं. दुकानाचं भाडं आजूबाजूपेक्षा संशयास्पद स्वस्त असेल तर आधी हा नकाशा उघडा.

तिसरं, तयार अटींची यादी. धोरणाच्या शेवटी परिशिष्टात ती असते. कौन्सिलला कसल्या भाषेतल्या अटी आवडतात ते तिथे कळतं. पुढे अर्ज लिहिताना ती जवळ ठेवा.

आणि हो, प्लॅनिंगची, म्हणजे जागा कशासाठी वापरायची याची, परवानगी वेगळी. 2020 च्या सप्टेंबरपासून दुकान, कॅफे, रेस्टॉरंट हे 'क्लास ई' या एकाच वर्गात आले, पण पब आणि गरम खाण्याचं टेकअवे त्यात नाहीत. लायसन्सवर रात्री 1 आणि प्लॅनिंगवर 11 लिहिलं असेल तर 11 ला बंद करायचं. जी वेळ आधीची ती पाळायची.

चालू धंदा विकत घेताय?

मग कदाचित नवा अर्ज लागणारच नाही. जुनं लायसन्स तुमच्या नावावर करून घ्यायची फी अवघी 23 पौंड आहे आणि अर्ज केल्या दिवसापासून ते लागू करून मागता येतं. पण दोन गोष्टी तपासा. कौन्सिलकडे लायसन्सचं सार्वजनिक रजिस्टर असतं, त्यातून मूळ लायसन्सची प्रत मागवा आणि अटी शब्दन्‌शब्द वाचा, कारण त्या अटीही तुमच्या नावावर येणार. दुसरं, लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते बघा. कंपनीच्या नावावर असेल आणि ती कंपनी दिवाळखोरीत गेली किंवा बंद झाली असेल, तर लायसन्स तिथेच संपतं. त्यानंतर फक्त 28 दिवसांत हालचाल करून ते वाचवता येतं. त्या खिडकीनंतर हातात उरतो तो फक्त काउंटर आणि रिकामे बिअर पंप.

माणसाचं लायसन्स

जागेचं लायसन्स एक, माणसाचं दुसरं. दारू विकायची तर जागेवर एक 'डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर' नेमावा लागतो. सगळे त्याला डीपीएस म्हणतात. डीपीएसकडे पर्सनल लायसन्स हवंच. ते मिळवणं अवघड नाही: वय 18 पूर्ण, एक दिवसाचा कोर्स, 40 प्रश्नांची परीक्षा, त्यात 28 बरोबर, महिन्याच्या आतलं बेसिक डीबीएस प्रमाणपत्र (तुमच्यावरच्या गुन्ह्यांची नोंद तपासणारं), आणि 37 पौंड. अर्ज तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे करायचा, दुकान आहे त्या कौन्सिलकडे नाही. 2015 पासून या लायसन्सला मुदत नाही, एकदा काढलं की झालं. पत्ता बदलला तर कळवा.

इथे व्हिसाची गोष्ट येते. 2017 च्या एप्रिलपासून पर्सनल लायसन्ससाठी, आणि व्यक्तीच्या नावावर जागेचं लायसन्स घ्यायचं असेल तर त्यासाठीही, इथे काम करायचा हक्क दाखवावा लागतो. तो हक्क संपला की लायसन्सही संपतं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, हे ठाऊक असूनही मित्राच्या धंद्यात 'नावापुरता' डीपीएस व्हायला तयार होणारी मुलं मी पाहिली आहेत. मुळीच होऊ नका. डीपीएस म्हणजे काही झालं की पोलीस ज्याला पहिला फोन करतात तो माणूस.

अर्ज: इथे घाई नको

फी सरकारने देशभर एकसारखी ठरवलेली आहे आणि 2005 पासून बदललेली नाही. ती जागेच्या 'रेटेबल व्हॅल्यू'वर ठरते. हे म्हणजे तुमचं भाडं नव्हे, बिझनेस रेट्ससाठी, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या करासाठी, सरकारने ठरवलेलं मूल्य, आणि ते ऑनलाइन बघता येतं. 4,300 पर्यंत असेल तर अर्जाचे 100 पौंड. 33,000 पर्यंत 190, 87,000 पर्यंत 315, सव्वा लाखापर्यंत 450, त्यावर 635. आपली बहुतेक छोटी रेस्टॉरंटं 190 किंवा 315 मध्ये बसतात. वरच्या दोन गटांत मुख्यतः दारूवरच चालणाऱ्या जागांना दुप्पट-तिप्पट लागते.

अर्जासोबत जागेचा नकाशा, सहसा 1:100 या प्रमाणात. त्यात बाहेर पडायचे मार्ग, दारू कुठे विकणार, जिने, टॉयलेट, आग विझवायची साधनं हे सगळं दाखवायचं. भाच्याने लॅपटॉपवर काढलेला नकाशा चालतो, प्रमाण बरोबर असेल तर.

आता खरा गाभा. अर्जात 'ऑपरेटिंग शेड्यूल' नावाचा भाग असतो. कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत, काय काय करणार, आणि कायद्यातली चार उद्दिष्टं कशी सांभाळणार, हे तिथे लिहायचं. ती चार उद्दिष्टं अशी: गुन्हे आणि गोंधळ टाळणं, लोकांची सुरक्षितता, लोकांना उपद्रव होऊ न देणं, आणि मुलांना इजा होऊ न देणं. या चौघांच्या बाहेरचं कौन्सिल काहीही विचारात घेऊ शकत नाही. 'या रस्त्यावर आणखी एक बार कशाला हवा?' हा प्रश्नही नाही. आपल्याकडे बायका मतदान करून 'आडवी बाटली' करतात आणि गावातलं दुकान बंद होतं. इथे तसं मतदान नाही. दारू वाईट म्हणून कोणी हरकत घेतली तर ती बाजूला ठेवली जाते. 'रात्री बारा वाजता माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली लोक सिगारेट ओढत बसतात' ही हरकत मात्र सोन्यासारखी मोलाची धरतात.

आणि या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: अर्ज नियमाप्रमाणे असेल आणि कोणाचीच योग्य हरकत आली नाही, तर कौन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं. अगदी त्या 'क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट'च्या भरगच्च पट्ट्यातही. म्हणजे अर्ज तुम्ही कौन्सिलला देता खरा, पण तो लिहायचा असतो पोलिसांसाठी, पर्यावरण आरोग्य खात्यासाठी आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसासाठी. त्यांना हरकत घ्यायला जागाच उरू नये, असा.

म्हणून अर्ज भरण्याआधी कौन्सिलच्या लायसन्सिंग ऑफिसरला आणि पोलिसांच्या लायसन्सिंग शाखेला ईमेल करा. बऱ्याच कौन्सिल अर्जपूर्व सल्ला देतात, काही ठिकाणी त्याचे पैसे घेतात. पैसे घेतले तरी घ्या. वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आधी भेटा, सोबत थोडा चिवडा-लाडू न्यायला हरकत नाही, आणि त्यांचा त्रास नक्की कशाचा हे ऐका. बहुतेकदा तो गाण्याचा नसतो. रात्री बाटल्या कचऱ्याच्या डब्यात ओतण्याच्या आवाजाचा असतो.

मग अटी लिहा, पण जपून. तुम्ही ऑपरेटिंग शेड्यूलमध्ये जे लिहाल त्याचीच कौन्सिल लायसन्सवर अट करते. अट मोडणं म्हणजे परवान्याशिवाय धंदा करण्याइतकाच गुन्हा, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, किंवा दोन्ही. माझ्या ओळखीच्या एकाने चाळीस खुर्च्यांच्या थाळीच्या रेस्टॉरंटसाठी इंटरनेटवरून कुठल्याशा नाइटक्लबचा अर्ज उतरवला. 'दाराशी प्रत्येक ग्राहकाची बॅग तपासली जाईल' हे वाक्य त्यातून तसंच आलं, आणि लायसन्सवर गेलं. पहिले कित्येक महिने तो रोज संध्याकाळी आज्या-आजोबांच्या पिशव्या उघडून बघत होता. शेवटी अट काढायला अर्ज करावा लागला.

छोट्या रेस्टॉरंटला शोभतील अशा अटी कशा? सीसीटीव्ही चालू, चित्रण 31 दिवस ठेवणार. दारू फक्त टेबलावर जेवणाऱ्यांना. 25 पेक्षा लहान दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारणार, म्हणजे 'चॅलेंज 25'. नकार दिल्याची नोंदवही. रात्री 11 नंतर बाटल्या बाहेर टाकणार नाही. दाराबाहेर एका वेळी अमुक इतकेच लोक सिगारेट ओढतील. तेवढं पुरतं. 'आमचे कर्मचारी सदैव दक्ष राहतील' छापाची वाक्यं नकोत. ती कोणी तपासू शकत नाही, आणि पोलिसांना नेमकी तीच खुपतात.

वेळ मागताना एक बारकावा. दारू विकायला लायसन्स लागतं, ग्लासात उरलेली संपवायला नाही. म्हणून विक्री 11 पर्यंत मागितलीत तर दुकान उघडं राहण्याची वेळ 11.30 मागा. लोकांना ग्लास हिसकावून बाहेर काढावं लागणार नाही आणि रस्त्यावर एकदम गर्दीही होणार नाही. हेच कारण अर्जात लिहा, पोलिसांना ते आवडतं. पण पहिल्याच अर्जात रात्री 2 मागू नका. वर्षभर 11 पर्यंत तक्रारीशिवाय चालवून मग वेळ वाढवायला गेलात, तर सांगायला हातात काहीतरी असतं.

निळा कागद आणि 28 दिवस

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 28 दिवस दुकानाबाहेर नोटीस लावायची. कागद फिकट निळा, ए4 किंवा मोठा, अक्षरं काळी, आकार 16 किंवा त्याहून मोठा, रस्त्यावरून चालणाऱ्याला वाचता येईल अशी. पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरातही द्यायची. लहान गटातल्या दुकानाला अर्जाच्या फीपेक्षा ही जाहिरातच महाग पडू शकते, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

निळ्या कागदावर हसू येतं, पण अर्ज अडकतात ते इथेच. पांढऱ्या कागदावर छापलं, शटर वर गेल्यावर नोटीस झाकली गेली, पावसाने शाई उतरली, हरकतीची शेवटची तारीख चुकली. कौन्सिलचा माणूस बघून जातो, आणि चूक असेल तर 28 दिवस पुन्हा पहिल्यापासून. प्लास्टिकच्या पाकिटात घालून काचेला आतून चिकटवा आणि रोज सकाळी तारखेसकट एक फोटो काढून ठेवा.

ऑनलाइन अर्ज केलात तर पोलीस, अग्निशमन, पर्यावरण आरोग्य, ट्रेडिंग स्टँडर्ड्स, बालसंरक्षण, सार्वजनिक आरोग्य, होम ऑफिस (गृहखातं) वगैरे खात्यांना कौन्सिल स्वतः प्रती पाठवते. कागदावर केलात तर ते काम तुमचं.

हरकत आली तर

हरकत कोणीही घेऊ शकतो, जवळ राहत असलाच पाहिजे अशी अट आता नाही. मात्र निनावी चालत नाही. साधारणपणे हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता तुम्हाला कळतं, आणि याचा अर्थ त्याच्या दारात जाऊन जाब विचारणं असा नाही. ऑफिसरमार्फत निरोप पाठवा.

पोलिसांचा ईमेल बहुतेक वेळा असा असतो: 'या पाच अटी मान्य केल्यात तर आमची हरकत नाही.' वाचा, झेपतील त्या मान्य करा, न झेपणाऱ्यांना पर्याय सुचवा. घासाघीस चालते. सगळ्यांशी समझोता झाला तर सुनावणीची गरजच राहत नाही. नाही झाला तर 28 दिवस संपल्यापासून 20 कामकाजाच्या दिवसांत तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते. कोर्टासारखी भीती बाळगू नका, पण कोर्टासारखी तयारी करा. प्रत्येक बाजूला सारखाच वेळ मिळतो, आणि तो थोडा असतो. वरच्या मजल्याच्या बाईंना कोणत्या आवाजाचा त्रास होईल आणि तुम्ही त्यासाठी नेमकं काय केलंय, एवढ्यावरच बोला. धंद्यात किती पैसे घातलेत हे सांगून काही उपयोग नाही. उपसमिती चार उद्दिष्टांपलीकडे जाऊ शकत नाही. निकाल पटला नाही तर 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील.

एकाच रात्रीचा कार्यक्रम: टेन

दिवाळीची पार्टी, गणपतीचा जेवणाचा कार्यक्रम, नव्या वर्षाचा डान्स यांसाठी कायमचं लायसन्स नको. 'टेम्पररी इव्हेंट नोटीस' द्यायची, सगळे तिला टेन म्हणतात. फी 21 पौंड. कर्मचारी आणि स्वयंसेवक धरून एका वेळी 499 पेक्षा जास्त माणसं नकोत. मंडळं इथेच चुकतात: 480 तिकिटं विकतात आणि वाढपी, ढोलवाले, कमिटी मोजतच नाहीत.

नोटीस कार्यक्रमाआधी पूर्ण दहा कामकाजाचे दिवस पोचायला हवी, आणि त्यात नोटीस पोचल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. शनिवारचा कार्यक्रम असेल आणि मधे बँक हॉलिडे नसेल, तर पंधरा दिवस आधीच्या शुक्रवारपर्यंत. उशीर झाला तर पाच ते नऊ कामकाजाच्या दिवसांची 'लेट टेन' आहे, पण तिला पोलिसांनी किंवा पर्यावरण आरोग्य खात्याने हरकत घेतली की विषय संपला, सुनावणीही होत नाही. पर्सनल लायसन्स नसलेल्याला वर्षात पाचच टेन देता येतात, आणि एका जागेवर वर्षात पंधरा. हॉलवाल्याला आधीच विचारा, त्यांच्या पंधरा संपल्या असतील तर तुमच्या नावावर पाच शिल्लक असूनही काही फायदा नाही.

तिकिटात 'एक ग्लास वाइन मोफत' लिहिलंत तर ती दारूविक्रीच धरतात. टेन लागते.

लायसन्स मिळालं, आता

संक्षिप्त प्रत दर्शनी भागात लावायची, पूर्ण प्रत जागेवर ठेवायची. घरी फाइलमध्ये नको. दरवर्षी फी भरायची, तुमच्या गटाप्रमाणे 70 ते 350 पौंडांपर्यंत, मोठ्या बारना त्याहून जास्त. विसरलात तर लायसन्स निलंबित होतं. काही कौन्सिल मध्यरात्रीनंतर दारू विकणाऱ्यांकडून 'लेट नाइट लेव्ही' घेतात. न्यूकॅसलने 2013 मध्ये ती पहिल्यांदा सुरू केली. वर्षाला 299 पासून 1,493 पौंडांपर्यंत, मोठ्या बारना अधिक. रात्री 1 चं लायसन्स असेल आणि तुम्ही ते वापरतच नसाल, तर उगाच लेव्ही भरण्यापेक्षा वेळ कमी करून घ्या.

सक्तीच्या काही अटी सगळ्यांनाच लागू असतात: नळाचं पाणी फुकट, वाइन 125 मिलिलिटरच्या, स्पिरिट 25 किंवा 35 मिलिलिटरच्या आणि बिअर अर्ध्या पाइंटच्या मापातही द्यायची, ड्यूटी (दारूवरचा कर) आणि त्यावरच्या व्हॅटपेक्षा कमी दरात दारू विकायची नाही. 18 खालच्याला दारू नाही, पण 16-17 वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर टेबलावर जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घेता येते, विकत मात्र मोठ्यानेच घ्यायची. नव्या वेटरला हे पहिल्याच दिवशी सांगा. चाचणी म्हणून लहान वयाच्या मुलांना दारू मागायला पाठवतात, आणि त्या संध्याकाळी नेमका नवाच वेटर काउंटरवर असतो.

आणि लायसन्स मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. कोणीही, कधीही, त्याचा 'रिव्ह्यू' मागू शकतो. लंडनच्या फॅब्रिक या प्रसिद्ध क्लबचं लायसन्स दोन तरुणांच्या ड्रग्जशी संबंधित मृत्यूंनंतर 2016 च्या सप्टेंबरमध्ये इस्लिंग्टन कौन्सिलने रद्द केलं. पुढे कौन्सिलशी समझोता झाला आणि जास्त कडक अटी स्वीकारून तो 2017 च्या जानेवारीत पुन्हा उघडला. थाळीच्या रेस्टॉरंटवर अशी वेळ येणार नाही, पण वरच्या मजल्यावरून पाच तक्रारी झाल्या की तुम्हालाही त्याच तीन खुर्च्यांपुढे बसावं लागेल.

म्हणून एक साधी वही ठेवा. कोणाला दारू नाकारली, कोणी तक्रार केली, किती वाजता, तुम्ही काय केलं. लायसन्सिंग ऑफिसर येतो तो बहुतेक शुक्रवारी रात्री, किचन पेटलेलं असताना. तो आधी भिंतीवरची प्रत बघतो, मग डीपीएस कोण विचारतो, आणि मग ही वही मागतो.